ओट्यावरची प्रयोगशाळा



या व्यासपीठावर आजवर राज्यघटना झाली, दुष्काळ झाला, मराठी शाळांचं भवितव्य झालं. यंदाची पत्रिका वाचून काहींनी संयोजकांना फोन केले म्हणे. विषयाच्या जागी ‘चिलटं’ असं छापलंय, ही मुद्रणदोषाची गंमत आहे का? नाही हो. विषय चिलटं हाच आहे. केळ्यांच्या फणीवर घोंगावणारी, सरबताच्या पेल्यात जीव देणारी, टाळी वाजवली की अलगद बाजूला होणारी आणि टाळी संपली की परत येणारी.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या जीवशास्त्र शिकवायच्या. त्यांच्यासाठी बोलायचं तर आपल्या घरातल्याच एखाद्या जिवाविषयी बोलावं, असं मला वाटलं. आणि आषाढ-श्रावणात आपल्या घरात माणसांपेक्षा संख्येनं जास्त असणारा दुसरा जीव कोणता?

तर या चिलटांना घालवायचं कसं? उपाय प्रत्येकाकडे आहेत. कापूर जाळा, लवंगा टोचा, फवारा मारा. मी तुम्हाला वेगळ्या ठिकाणी घेऊन जाणार आहे. जगातल्या ज्या प्रयोगशाळांमध्ये हेच चिलट गेली शंभराहून अधिक वर्षं मुद्दाम, पगार देऊन, माणसं नेमून वाढवलं जातं, तिथे. ते जगावं म्हणून तिथे काय काय करतात ते नीट पाहू आणि घरी येऊन त्याच्या बरोबर उलट करू. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आधी ओळख करून घेऊ. आपलं चिलट अडीच-तीन मिलिमीटरचं, पिवळसर तपकिरी अंगाचं, लाल डोळ्यांचं. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर. मायगेन नावाच्या जर्मन कीटकतज्ज्ञानं 1830 साली त्याचं वर्णन नोंदवलं. आपल्याकडे त्याची भावंडंही ओट्यावर असतात, पण सगळ्यांच्या सवयी एकाच घरातल्या.

इथे एक गोंधळ निस्तरायला हवा. सभागृहात कोकणातली बागायतदार मंडळी दिसताहेत. तुम्ही जिला फळमाशी म्हणता, ती ही नव्हे. ती आकारानं कितीतरी मोठी, आणि तिच्या पोटाच्या टोकाला सुईसारखा अवयव असतो. झाडावरच्या धडधाकट आंब्याची साल भोसकून ती आत अंडी घालते. त्या माशीपायी युरोपीय संघानं 1 मे 2014 पासून भारतीय आंबा अडवला आणि 2015 च्या जानेवारीत बंदी उठवली. आपलं चिलट त्या प्रकरणात निर्दोष! त्याला साल भोसकता येत नाही. त्याला फुटलेलं, पिचलेलं, देठाशी ओलावलेलं, आंबू लागलेलं फळच लागतं. म्हणून बागेतला मिथाइल युजेनॉलचा सापळा कोणी हौसेनं स्वयंपाकघरात टांगला, तर तो शोभेपुरताच राहील. त्या वासावर त्या मोठ्या माशीचे फक्त नर येतात. घरच्या चिलटाला त्याचं काहीही नाही.

हा फरक मी लांबवला, कारण आपल्याला लागणारी पहिली किल्ली त्यातच आहे. धड फळाला चिलटापासून धोका नाही. धोका आहे तो फळाच्या जखमेला.

आता पुढचा प्रश्न, आणि हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. ही येतात कुठून? काल तर एकही नव्हतं! मग उत्तरही विचारणाराच देतो: फळातूनच होतात, आपोआप.

आपोआप. हे उत्तर आपलंच नाही. युरोपातले मोठमोठे विद्वान शतकानुशतकं हेच सांगत होते: मांस सडलं की त्याच्या माश्या होतात. 1668 साली फ्रान्सेस्को रेदी या इटलीतल्या वैद्यानं बरण्यांमध्ये मांस ठेवलं. काही बरण्या उघड्या, काही घट्ट बंद, काहींच्या तोंडाला नुसतं विरळ कापड. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या. बंद बरण्यांत मांस सडलं, पण अळी एक नाही. आणि कापड बांधलेल्या बरण्यांवर माश्या घोंगावल्या, आत मात्र जाऊ शकल्या नाहीत. आपल्या आज्या दुधाच्या पातेल्यावर जाळीची झाकणी ठेवायच्या आणि फळांच्या टोपलीवर पंचा टाकायच्या. रेदीचं नाव त्यांच्या कानावर गेलं नव्हतं. प्रयोग मात्र त्या रोज करत होत्या.

तर आपोआप काही होत नाही. अंडं असतं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं, पांढरं, डोळ्यांना सहज न दिसणारं. ते केळ्याच्या देठाशी चिकटून बाजारातूनच तुमच्या पिशवीत येतं, किंवा मादी खिडकीतून येऊन तुमच्या घरी घालते. डासांची जाळी बसवली आहे म्हणता? बहुतेक जाळ्यांतून ती अंग चोरून आत येते. आणि हा प्राणी घरकोंबडा आहे असंही समजू नका. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात, कोरड्या तळ्याच्या सपाटीवर, संशोधकांनी चिलटं सोडली आणि दूरवर सापळे मांडून वाट पाहिली. एका दमात दहा-बारा किलोमीटर उडण्याची त्यांची ऐपत आहे, असा हिशेब निघाला. समोरच्या इमारतीची कचराकुंडी म्हणजे त्यांना शेजारच नव्हे, आपलंच अंगण.

आता वेळापत्रक. इथे मी थांबणार आहे, कारण सगळा खेळ वेळापत्रकाचा आहे. पंचवीस अंश तापमानाला अंडं साधारण एका दिवसात फुटतं. अळी चार-पाच दिवस खाते. मग ती खाणं सोडते आणि चढू लागते, कोरड्या जागेकडे. बरणीच्या भिंतीवर, डब्याच्या काठावर, टोपलीच्या विणीत जाऊन चिकटते आणि तिचा कोष होतो, जिऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढा, तपकिरी. आणखी चार-पाच दिवसांनी त्यातून चिलट बाहेर. एकूण दिवस दहा. नवी मादी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून स्वतः अंडी घालू लागते. एका मादीची आयुष्यभरातली अंडी काहीशे.

दहा दिवस म्हणजे किती? गणेश चतुर्थीला आपण देवापुढे पाच फळं मांडतो. केळी असतात, पेरू असतो, सीताफळ असतं. आरतीच्या गर्दीत पेरू कुठेतरी पिचतो, केळ्याचं देठ ओलं होतं. पहिल्याच संध्याकाळी एखादी मादी तिथे अंडी घालून जाते. फळं तशीच राहिली, तर हिशेब करा. अनंत चतुर्दशीला बाप्पा निघतात, आणि त्याच दिवशी चिलटांची नवी पिढी घरात येते. आपण म्हणतो, काल तर एकही नव्हतं! होती. सगळी होती. कोषात होती.

हे पंचवीस अंश मी कुठून आणले? प्रयोगशाळेतून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी एका खोलीत दुधाच्या बाटल्यांमधून, कुस्करलेल्या केळ्यावर, ही चिलटं पोसायला घेतली. 1910 साली एका बाटलीत लाल डोळ्यांच्या गर्दीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला, आणि जनुकं गुणसूत्रांवर असतात हे त्याच्या वंशावळीतून सिद्ध होत गेलं. मॉर्गन यांना 1933 साली नोबेल मिळालं. त्यांच्याकडे काम केलेल्या मलर यांना 1946 साली मिळालं. पुढे 1995, 2011 आणि 2017 सालची वैद्यकाची नोबेलही या चिलटावरच्या कामाला मिळाली, पूर्णपणे किंवा वाट्यापुरती. 20 फेब्रुवारी 1947 रोजी अमेरिकेनं रॉकेटमधून अवकाशाच्या उंबरठ्यापलीकडे पाठवलेले पहिले प्राणी हेच, आणि ते जिवंत परतले. आपण ज्याला पोतेऱ्यानं हाकलतो, त्याचा दरारा बघा.

पण मला आज नोबेलशी काम नाही. मला त्या बाटलीशी काम आहे. चिलटं जगवायला बाटलीत काय लागतं? एक, आंबणारं गोड अन्न आणि त्यावर वाढणारं यीस्ट. चिलट खरं जगतं ते फळावर नव्हे, फळावरच्या यीस्टवर. दोन, ओलावा. तीन, पंचवीसच्या आसपास तापमान. चार, अळीला चढून बसायला कोरडी भिंत. आणि पाच, दहा दिवस कोणी त्या बाटलीला हात लावायचा नाही. आता डोळे मिटून आपलं जुलै महिन्यातलं स्वयंपाकघर आठवा. यातलं काय कमी आहे? मॉर्गनसाहेबांना जे कष्टानं जमवावं लागलं, ते आपल्याकडे सिंकखालच्या डब्यात फुकट आहे!

आणि प्रयोगशाळेत ही वाढ मंद करायची असली तर काय करतात? बाटल्या अठरा अंशाला ठेवतात. दहा दिवसांचे एकोणीस-वीस होतात. फ्रीज तर त्याहून कितीतरी थंड. तिथे हे चक्र थांबतंच. केळ्याची साल फ्रीजमध्ये काळी पडते हे खरं, पण आतला गर चांगला राहतो. काळ्या सालीला नाक मुरडायचं की चिलटं पोसायची, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

चिलटाला वास कसा येतो, हे शोधण्यात मुंबईचा मोठा वाटा आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी चिलटाच्या नाकाचा ध्यास घेतला. केनियात जन्मलेल्या, गोव्याच्या घराण्यातल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यांच्याकडे संशोधनाला आल्या. विशिष्ट वास ओळखता न येणारी चिलटं त्यांनी वेचून काढली आणि वासाचं ज्ञान जनुकांशी कसं जोडलेलं असतं त्याचा माग घेतला. सत्तरच्या दशकाची अखेर होती ती. ज्या मुंबईत घरोघरी चिलटं मारली जात होती, त्याच मुंबईत समुद्राकाठी दोन माणसं त्यांचं नाक वाचत होती.

त्या नाकाला काय आवडतं? आंबण्याचा वास. फळातली साखर यीस्ट खातं, त्याचा मद्यार्क होतो, मद्यार्काचं पुढे जिवाणू व्हिनेगर करतात, आणि वाटेत फळासारखे गोड वास सुटतात. चिलटाला तो वास म्हणजे पंगतीचं बोलावणं. आणि नावडतं काय? एक मजेची गोष्ट सांगतो. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास आपल्याला वेडं करतो, त्यातला एक मुख्य रेणू, जिओस्मिन, चिलटाला अजिबात सोसत नाही. हा वास काही विषारी बुरश्या आणि जिवाणूही सोडतात, म्हणून त्या वासाचा अर्थ चिलटाच्या लेखी ‘इथलं अन्न विषारी आहे’ असा होतो. 2012 साली हे प्रसिद्ध झालं. आपल्या कवींनी ज्या गंधावर जीव ओवाळला, त्या गंधापासून हा जीव पळतो. असो, त्या गंधाच्या बाटल्या भरून ओट्यावर शिंपडायचा उपाय मी सुचवत नाही.

आता उपायांकडे. सगळे सापळ्यापासून सुरुवात करतात. मी सापळा शेवटी ठेवतो. का? तुम्हाला दिसणारं चिलट हे बाटलीबाहेर पडलेलं चिलट. त्याला मारलंत तरी बाटली चालूच आहे. आधी बाटली शोधा.

कुठे असते ही बाटली? फळांच्या टोपलीत असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिथे सगळे बघतात. जिथे कोणी बघत नाही तिथे मी तुम्हाला नेतो. कांदे-बटाट्यांच्या टोपलीच्या तळाशी हात घाला. एखादा बटाटा मऊ होऊन पाणी सुटलेला असतो, आणि वरचे सगळे बटाटे शहाण्यासारखे कोरडे असतात. मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाची रबरी कडी काढा, तिच्याखाली आमरस किंवा मिल्कशेकचा थर असतो. ओल्या कचऱ्याचा डबा रिकामा केलात, ठीक, पण पिशवी फाटून तळाशी साचलेलं ते तपकिरी पाणी? आणि डब्याच्या काठाखाली, आतल्या बाजूला, बोटानं चाचपा. ते जिऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढं काय लागतं? कोष. फळं फेकून चार दिवस झाले तरी चिलटं का येतात, त्याचं उत्तर तिथे चिकटलेलं असतं. रद्दीवाल्यासाठी न धुता ठेवलेल्या सरबताच्या आणि बिअरच्या बाटल्या. हो, बिअरच्याही, इथे ज्येष्ठ मंडळी आहेत, पण खरं ते सांगायला हवं. ओलं पोतेरं. देवघराच्या कोपऱ्यातल्या पिशवीतलं निर्माल्य. आणि सिंकच्या नळीच्या तोंडाशी जमलेला बुळबुळीत थर. तिथे उकळतं पाणी ओतून भागत नाही, कारण पाणी थरावरून वाहून जातं. बाटल्या घासायचा लांब ब्रश घालून तो थर खरवडावा लागतो.

फळं आणली की लगेच धुवा आणि पुसून कोरडी करा, देठाकडे विशेष लक्ष देऊन. पिचलेलं फळ आजच खा किंवा आजच टाका. ओला कचरा रोज बाहेर. घरी खत करत असाल तर फार चांगलं, पण प्रत्येक वेळी फळांच्या साली टाकल्या की वर सुका पाला किंवा भुसा एवढा जाड पसरा की खालची साल दिसता कामा नये. मादीला अंडी घालायला ओलं, आंबणारं पृष्ठ लागतं, कोरडा पाला तिच्या उपयोगाचा नाही.

एवढं केलंत की मग सापळा. एका पेल्यात थोडं व्हिनेगर, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. व्हिनेगर आंबवून केलेलं हवं: सफरचंदाचं, किंवा गोव्याकडे माडीपासून करतात ते. दुकानातलं पांढरं कृत्रिम व्हिनेगर नुसतं आंबट असतं, त्यात पंगतीचे बाकीचे वास नसतात. नसेल तर काळं पडलेलं केळं कुस्करून थोड्या पाण्यात घाला. साबण कशाला? पाण्याच्या पृष्ठाला जो ताण असतो, त्यावर चिलट आरामात उभं राहतं. साबणानं तो ताण मोडतो आणि ते बुडतं. साबण विसरलात आणि केळ्याचा पेला आठवडाभर ठेवलात, तर तुम्ही सापळा ठेवला नाहीत, बाळंतपणाची खोली ठेवलीत. प्रयोगशाळेतही सुटलेल्या चिलटांसाठी व्हिनेगरचे सापळे कोपऱ्याकोपऱ्यात असतात, हे त्यातल्या त्यात समाधान.

फवाऱ्याविषयी माझं मत कडक आहे. जिथे पोळ्या लाटतो तिथे कीटकनाशक मारू नये. त्यानं उडती मरतात, अंडी-अळ्या-कोष आपल्या जागी राहतात. आणि हा जीव विषाला पुरून उरलेला आहे. डीडीटी पचवणारी चिलटं जगभर पसरली, आणि त्यामागे एका जनुकाचं वाढलेलं काम आहे हे 2002 साली दाखवलं गेलं. कापूर, लवंग, धूप यांना माझी हरकत नाही, घरात सुवास येतो. चिलटं तेवढा वेळ बैठकीच्या खोलीत जाऊन बसतात.

आणि हे सगळं दोन आठवडे न चुकता. तीन दिवस करून सोडलंत, तर कोषातली मंडळी बाहेर येतील आणि तुम्ही म्हणाल, काही उपयोग नाही.

पत्रिकेत नसलेला एक मुद्दा बोलून घेतो. पाहुणे आले, चिलटं उडाली, की मान खाली कोणाची जाते? घरातल्या बाईची. का बरं? बिअरची बाटली तिनं ठेवलेली नसते. कांदे-बटाटे पिशवीतून टोपलीत तिनंच ओतलेले असतात असं नाही. पण ब्रश घेऊन सिंकची नळी खरवडायची वेळ आली की ती तिची आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींची. दहा दिवसांचं वेळापत्रक घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो माणूस आजारी पडला की चिलटांचा विजय ठरलेला. सभागृहातल्या पुरुषवर्गाला विनंती, आज घरी गेल्यावर मिक्सरच्या झाकणाची रबरी कडी काढून बघा. ती निघते, हेच अनेकांना ठाऊक नसेल.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली चिठ्ठी: ‘याने आजार होतात का?’ चिलट चावत नाही. चुकून गिळलं तर घाबरू नका. पण कचऱ्यावरचे जंतू पायांना लावून ते कापलेल्या फळावर आणू शकतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. कापलेलं फळ झाकून ठेवा.

दुसरी: ‘आमच्याकडे फळं नाहीत, कचरा रोज जातो, तरी चिलटं आहेत.’ मग ती बहुधा ही चिलटं नाहीत. मोरीच्या भिंतीवर बसलेली, केसाळ, पतंगासारखे पंख पसरलेली दिसत असतील, तर त्या मोरीतल्या माश्या. नळीतल्या थरावर त्या वाढतात. कुंड्यांवर काळी, बारीक, लांब पायांची उडत असतील, तर कुंडीच्या मातीतल्या. पाणी कमी घाला, वरची माती सुकू द्या. खात्री करायची असेल तर रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी आडवी लावा, चिकट बाजू खाली, थोडी फट ठेवून. सकाळी तिला काय चिकटलंय ते भिंगातून बघा. लाल डोळे दिसले तर माझं व्याख्यान लागू. केसाळ पंख दिसले तर ब्रश तोच, पण थोडा जास्त लांबीचा लागेल.